वाट चुकलेलें बीज

१९२४ सालच्या जानेवारी महिन्यांत, १२ तारखेच्या रात्रीं, पुण्याच्या ससून रुग्णालयांत महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया झाली. येरवड्याच्या कारागृहांतून त्यांना तेथें हलविण्यांत आलें होतें. शस्त्रक्रिया कर्नल मॅडॉक यांनीं केली. ती चालूं असतांच बाहेर वादळ होऊन विजेचे दिवे गेले, आणि उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत पुरें करावें लागलें. ही हकीकत पुणेकरांच्या पुष्कळ घरांतून सांगितली गेली आहे. तिची राजकीय बाजू सर्वांस ठाऊक आहे. वैद्यकाच्या इतिहासाच्या दृष्टीनें मात्र तिच्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. आंत्रपुच्छ हें पोटांतलें, त्या मानानें हाताशीं असलेलें इंद्रिय; तें काढतांनाहि साऱ्या देशाचा जीव टांगणीला लागला. मग कवटीच्या आंत, मोठ्या मेंदूच्या दोन्ही अर्धांच्या खालीं, अगदीं मधोमध, वाटाण्याहूनहि लहान अशी जी एक ग्रंथि आहे, तिच्यापर्यंत शस्त्र नेण्याचा विचार त्या काळीं कोण करणार?

पुण्यांतच काय, बर्लिन किंवा बाल्टिमोर येथेंहि तो विचार करणारे शस्त्रवैद्य बोटांवर मोजण्याइतकेच होते. बर्लिनच्या फेडोर क्राउझे यांनीं १९१३ मध्यें लहान मेंदूच्या वरच्या अंगानें वाट काढून तेथील गांठ काढल्याचें जाहीर झालें. अमेरिकेंत वॉल्टर डँडी यांनीं १९२१ मध्यें दुसरी वाट सुचविली. रोगी बहुधा दगावत. त्यामुळें या जागीं होणाऱ्या गांठींचें ज्ञान शस्त्रक्रियेच्या मेजावर न मिळतां शवविच्छेदनाच्या मेजावर मिळालें, आणि तें फार हळूहळू मिळालें. त्या ज्ञानाचा इतिहास सांगण्याजोगा आहे. कारण, दोन पिढ्या मोठमोठे विद्वान् ज्या गांठीला मेंदूची गांठ म्हणत होते, ती मुळीं मेंदूची नव्हतीच.

प्रारंभ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत होतो. १८७५ मध्यें जर्मन विकृतिशास्त्रज्ञ कार्ल वायगर्ट यांनीं एका मुलाच्या मेंदूंत, याच ग्रंथीच्या जागीं, आढळलेल्या गांठीचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें तशीं आणखी उदाहरणें मिळत गेलीं. यांपैकीं कांहीं गांठी कापून पाहिल्या कीं आंत त्वचा, केस, कूर्चा, चरबी, क्वचित् दांतसुद्धां सांपडत. स्त्रीच्या बीजाशयांत आणि पुरुषाच्या वृषणांत अशा गांठी होतात हें वैद्यांना पूर्वींपासून माहीत होतें. तेथें तें एका परीनें समजण्यासारखें होतें. ज्या पेशींपासून उद्यां सगळें मूल घडायचें, त्याच पेशी भलत्या मार्गाला लागल्या तर केस आणि दांत घडवितील, यांत नवल तें काय? पण मेंदूंत हें सामान आणलें कोणीं? आपल्याकडे अर्बुद हा शब्द सुश्रुतापासून चालत आला आहे, आणि एका अर्बुदावर दुसरें उद्भवतें हेंहि त्या ग्रंथांत नमूद आहे. तथापि कवटीच्या आंत दडलेल्या या प्रकाराचें कोडें नव्या काळानेंच घातलें आणि नव्या काळानेंच सोडविलें.

ही ग्रंथि मराठी परिभाषेंत तृतीय नेत्रपिंड या नांवानें ओळखली जाते. नांव ऐकतांच शंकराच्या कपाळावरचा डोळा आठवतो, आणि तो आठवावा असा मोह पुष्कळांना पडला. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनीं सतराव्या शतकांत जीवात्म्याचें मुख्य ठाणें येथेंच वसविलें. मेंदूचीं इतर अंगें जोडीजोडीनें असतां ही एकटीच, हें त्यांचें एक कारण. १८८६ मध्यें सरड्याच्या वर्गांतील कांहीं प्राण्यांच्या माथ्यावर खरोखरच एक अर्धवट डोळा असतो, व तो या ग्रंथीचा भाऊबंद आहे, असें दाखविण्यांत आलें. त्यानंतर दोनच वर्षांनीं थिऑसफीच्या प्रवर्तक मादाम ब्लाव्हाट्स्की यांनीं हा पिंड म्हणजे मनुष्याच्या हरवलेल्या तिसऱ्या डोळ्याचा अवशेष, असें प्रतिपादन केलें. आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या वर्गांत तें मत लवकर रुजलें, आणि योगांतील चक्रें शारीरशास्त्राच्या नकाशावर बसविण्याची चढाओढ सुरू झाली, मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांचें कुंडलिनीवरील इंग्रजी पुस्तक १९२७ सालचें आहे. योगग्रंथांना शवविच्छेदनाचें प्रशस्तिपत्र मिळवून देण्याची ही हौस त्या काळाला धरून होती खरी. पण तिच्यानें योगाचेंहि कांहीं भलें झालें नाहीं आणि शारीरशास्त्राचेंहि नाहीं. ग्रंथीचें खरें काम बऱ्याच उशिरा कळलें. १९५८ मध्यें अमेरिकेंत एरन लर्नर व त्यांचे सहकारी यांनीं गाईबैलांच्या ग्रंथींतून मेलाटोनिन हें द्रव्य वेगळें केलें. तें अंधार पडल्यावर स्रवूं लागतें आणि शरीराला रात्रीची वर्दी देतें.

गूढवाद्यांनीं या ग्रंथीला नको तें मोठेपण दिलें, हें ठीक. परंतु वैद्यांनीं दिलेलें मोठेपणहि त्याहून फारसें खरें नव्हतें. १८९८ मध्यें जर्मन बालरोगतज्ज्ञ ओटो हॉइबनर यांनीं साडेचार वर्षांच्या एका मुलाची हकीकत सांगितली. इतक्या कोवळ्या वयांत त्याच्या अंगीं तारुण्याचीं चिन्हें दिसूं लागलीं होतीं, आणि त्याच्या तृतीय नेत्रपिंडाच्या जागीं गांठ होती. पुढें असेच आणखी मुलगे आढळले. मग तर्क झाला तो असा: ही ग्रंथि बालपणीं तारुण्याला कुलूप लावून बसते, गांठीनें ती नष्ट झाली कीं कुलूप निघतें. व्हिएन्नाच्या ओटो मारबुर्ग यांनीं १९०९ च्या सुमारास या कल्पनेला शास्त्रीय रूप दिलें, आणि ती पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ नांदली. तिच्यांत एक मोठें छिद्र होतें. असा प्रकार जवळजवळ नेहमीं मुलग्यांतच कां दिसावा? ग्रंथि तर मुलींनाहि असते.

या प्रश्नाचें उत्तर मेंदूच्या अभ्यासांतून आलें नाहीं, तें गर्भारपणाच्या परीक्षेंतून आलें. बर्लिनच्या अशहाइम आणि त्झोंडेक या दोघांनीं १९२७–२८ मध्यें असें दाखविलें कीं, गर्भवतीचें मूत्र लहान उंदरीला टोंचलें तर तिचें बीजाशय वेळेआधींच जागें होतें. वारेंतून निघणारें एक हॉर्मोन त्या मूत्रांत असतें. मेंदूंतील या गांठींपैकीं कांहींमध्यें वारेसारखीच ऊति असते, आणि ती तेंच हॉर्मोन रक्तांत सोडते. मुलग्याचें वृषण जागें करण्यास तेवढें पुरतें. मुलीच्या बीजाशयाला मात्र बहुधा पिट्युइटरी ग्रंथीच्या आणखी एका हॉर्मोनची साथ लागते. ती नसल्यानें मुलींत हा चमत्कार क्वचितच घडतो. म्हणजे आंतलें कुलूप निघालेलें नव्हतें. बाहेरून कोणीतरी भलतीच किल्ली चालविली होती. साडेचार वर्षांच्या मुलाच्या डोक्यांत वारेची ऊति असूं शकते, हें एकदां मान्य केल्यावर ती गांठ मेंदूच्या पेशींची म्हणण्यांत कांहीं अर्थ उरत नाहीं.

परंतु तें मान्य व्हायला वेळ लागला, आणि त्याला एका नांवाचा अडथळा झाला. केसदांतांच्या गांठी थोड्या; त्यांच्याहून पुष्कळ अधिक अशा गांठी होत्या कीं ज्यांत केस नाहींत, दांत नाहींत, नुसत्या दोन प्रकारच्या पेशी आहेत: मोठ्या, गोल, फिकट पेशींचे पुंजके, आणि त्यांच्यामधून शिरलेल्या लहान, गडद लसीकापेशी. कोपनहेगनचे क्नुद क्राबे यांनीं १९२३ मध्यें अशा गांठीला पिनिअलोमा, म्हणजे त्या ग्रंथीचीच गांठ, असें नांव दिलें. दोन वर्षांनीं अमेरिकेंतील हॉरॅक्स व बेली यांनीं गर्भावस्थेंतील ग्रंथीच्या रचनेशीं तिचें साम्य दाखवून त्या नांवाला बळकटी आणली. पुढें हुबेहूब तशीच गांठ ग्रंथीपासून कांहीं अंतरावर, पिट्युइटरीच्या वर, दृष्टिमज्जा जेथें एकमेकींना ओलांडतात तेथें, सांपडूं लागली. तेथें तर तृतीय नेत्रपिंड नाहीं! पण नांव सोडवेना. म्हणून तिला अस्थानीं झालेला पिनिअलोमा म्हणूं लागले. नांवाला वस्तु जुळेना तेव्हां वस्तूचेंच स्थान चुकलें असें ठरविण्याचा हा एक नामी मासला आहे.

ही गांठ सोडविली ती डोरोथी रसेल या बाईंनीं. त्यांचा जन्म १८९५ मध्यें ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें झाला आणि आयुष्य गेलें इंग्लंडांत. दुसरें महायुद्ध चालूं असतां, १९४४ मध्यें, त्यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. ज्याला पिनिअलोमा म्हणतात त्याचें मूळ ग्रंथीच्या पेशींत नसून तो केसदांतांच्या गांठीचाच एक प्रकार आहे, आणि वृषणांत होणाऱ्या सेमिनोमा नांवाच्या गांठीशीं त्याचें विलक्षण साम्य आहे, हें त्यांचें म्हणणें. सेमिनोमा हें नांव पॅरिसच्या मॉरिस शव्हासू यांनीं १९०६ मध्यें दिलेलें होतें. पण वृषणाच्या गांठी पाहणारे वेगळे आणि मेंदूच्या गांठी पाहणारे वेगळे. दोन्ही कांचपट्ट्या एकाच मेजावर ठेवण्याचा प्रसंग सहसा येत नसे. बाईंनीं तो आणला. १९४६ मध्यें त्या लंडन हॉस्पिटलच्या महाविद्यालयांत विकृतिशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

अटलांटिकच्या पलीकडे हें काम युद्धानेंच सोपें केलें होतें. कोट्यवधि तरुण सैन्यांत भरती झाले, त्यांच्या आजारांचे नमुने वॉशिंग्टनच्या लष्करी विकृतिशास्त्र संस्थेंत जमा होऊं लागले, आणि वृषणाची गांठ हा तर तरुणांचाच रोग. नेथन फ्रीडमन व रॉबर्ट मूर यांनीं १९४६ मध्यें अशा ९२२ गांठींचा वृत्तांत दिला. इतक्या गांठी पाहून ज्याची नजर तयार झाली, त्याला मेंदूंतील गांठ ओळखायला उशीर लागला नाहीं. १९४७ मध्यें फ्रीडमन यांनीं स्पष्टच लिहिलें कीं, मेंदूंतील ती गांठ आणि वृषणांतील सेमिनोमा या एकच होत. आणि दोहोंना मिळून जर्मिनोमा, म्हणजे बीजपेशींची गांठ, हें नांव वापरलें. मेंदूच्या बाबतींत तें आजहि टिकून आहे.

येथें खरें कोडें सुरू होतें. बीजपेशी मेंदूंत आल्या कशा?

त्याचें उत्तर गर्भाच्या अगदीं पहिल्या आठवड्यांत शोधावें लागतें. बीजपेशी बीजाशयांत किंवा वृषणांत जन्मतात असें साधारणतः कोणालाहि वाटेल, आणि एकोणिसाव्या शतकांत मोठमोठ्यांनाहि तसें वाटत होतें. वस्तुतः त्या जन्मतात दूर, आणि तेथवर प्रवास करून येतात. शिकागोचे चार्ल्स स्विफ्ट यांनीं १९१४ मध्यें कोंबडीच्या गर्भांत त्यांचा माग काढला: अंड्यांत गर्भाच्या डोक्यापुढें एका चंद्रकोरीसारख्या पट्ट्यांत त्या प्रथम दिसतात, तेथून रक्तप्रवाहांत शिरतात आणि वाहत वाहत आपल्या जागीं उतरतात. मनुष्याच्या गर्भाविषयींचें असेंच काम एमिल विची यांनीं १९४८ मध्यें प्रसिद्ध केलें. गर्भ चौथ्या आठवड्यांत असतांना बीजपेशी बलकाच्या पिशवीच्या भिंतींत असतात. तेथून आंतड्याच्या भिंतींतून, त्याला पाठीशीं बांधणाऱ्या पडद्यांतून, जणूं पायीं चालत, त्या पुढील एकदोन आठवड्यांत आपल्या मुक्कामास पोंचतात. गर्भ तेव्हां एखाद्या तांदळाच्या दाण्याहून फार मोठा नसतो. पंढरीच्या वारीला निघालेल्या दिंडींत एखादा वारकरी मागें रेंगाळतो, एखादा भलत्याच फाट्याला लागतो. तसेंच या पेशींचें होतें. चुकलेल्या बहुतेक पेशी वाटेंतच मरून जातात, आणि तशी योजनाच शरीरांत आहे. ज्या थोड्या मरत नाहींत त्या पुढें केव्हां तरी गांठीचें कारण होत असाव्या. या मताला आधार असा कीं, वृषण व बीजाशय सोडून जेथें जेथें अशा गांठी होतात त्या सर्व जागा शरीराच्या मध्यरेषेवर आहेत: माकडहाडापाशीं, पोटाच्या मागील बाजूस, छातींत उरोस्थीच्या मागें, आणि शेवटीं मेंदूंत, तोहि मधोमध.

ही उपपत्ति सर्वांना मान्य झाली असें मात्र नाहीं. टोकियोचे प्रख्यात मेंदू-शस्त्रवैद्य केइजी सानो यांनीं तिच्यावर आक्षेप घेतला. त्यांच्या मतें बीजपेशींच्या प्रवासापूर्वींच, गर्भाच्या चकतीची घडी पडून मज्जारज्जूची नळी बनत असतांना, निरनिराळ्या अवस्थांतील पेशी तिच्यांत अडकत असाव्यात. इतर कांहींनीं मेंदूच्याच मूलपेशी बहकून असें रूप घेतात असें सुचविलें. वाद सानोंच्या हयातींत मिटला नाहीं. २०१४ मध्यें एका आंतरराष्ट्रीय गटानें या गांठींतील जनुकें तपासलीं, तेव्हां पुष्कळ जर्मिनोमांत किट नांवाचें जनुक, किंवा त्याच्याच सांखळींतील दुसरें एखादें, अतोनात चेतलेलें आढळलें. हें जनुक म्हणजे बीजपेशींच्या प्रवासांतील शिधा म्हणावा. उंदरांत तें बिघडलें तर अंगावर पांढरे पट्टे उठतात, आणि बीजपेशी वाटेंतच नाहींशा होऊन उंदीर वांझ राहतो. मेंदूंतील गांठींत याच्या उलट: शिधा संपतच नाहीं. चुकलेल्या वारकऱ्याची उपपत्ति त्यामुळें पुन्हां वर आली आहे.

प्राण्यांचा विषय निघालाच आहे, तर एक उंदीर आणि एक कुत्रा यांच्याविषयीं सांगितल्याविना पुढें जातां येत नाहीं. अमेरिकेंत बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेंत लिरॉय स्टीव्हन्स हे तरुण संशोधक सिगारेटच्या दुष्परिणामांचा अभ्यास उंदरांवर करीत होते. १९५३ मध्यें १२९ क्रमांकाच्या वंशांतील एका उंदराचें वृषण सुजलेलें दिसलें. कापून पाहतां आंत केस आणि दांत! तंबाखूचा त्याच्याशीं कांहीं संबंध नव्हता. स्टीव्हन्स यांनीं सिगारेट बाजूला ठेविली आणि उरलेलें आयुष्य या गांठींना वाहिलें. १९६४ मध्यें त्यांनीं उंदराच्या गर्भांतील, नुकत्याच मुक्कामास पोंचलेल्या बीजपेशी ज्यांत आहेत असा भाग काढून प्रौढ उंदराच्या शरीरांत बसविला, आणि तेथें गांठी उगवल्या. बीजपेशींपासून केसदांतांची गांठ होते, हें या प्रयोगानें डोळ्यांसमोर दाखविलें. याच कामाच्या ओघांत पुढें १९८१ मध्यें गर्भाच्या मूलपेशी प्रयोगशाळेंत वाढविण्याची विद्या निघाली.

कुत्र्याची गोष्ट निराळी. तेथें कोणीं कांहीं टोंचलें नव्हतें. तीनचार वर्षांचीं, ऐन उमेदींतलीं कुत्रीं, त्यांतहि डोबरमन जातीचीं विशेष, सुस्त होत, आंधळीं होत, आणि थोड्याच दिवसांत मरत. पिट्युइटरीच्या वर गांठ सांपडे. पशुवैद्य तिला पिट्युइटरीची किंवा तिच्या आसपासच्या दुसऱ्या कसल्या तरी ऊतीची समजत. १९८८ मध्यें अशा पांच कुत्र्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला, आणि ही माणसाच्या मेंदूंतील बीजपेशींच्या गांठीचीच जात असल्याचें दाखविण्यांत आलें: तशाच गोल फिकट पेशी, मध्यें यकृतासारख्या पेशींचीं बेटें, आणि माणसाच्या कांहीं गांठींत आढळणारें अल्फा-फीटोप्रोटीन हेंच प्रथिन. जी चूक माणसाच्या बाबतींत झाली तीच कुत्र्याच्या बाबतींत चाळीस वर्षांनीं दुरुस्त व्हावी, याचें आश्चर्य वाटण्याचें कारण नाहीं. माणसाच्या गांठी पाहणारे वेगळे आणि जनावरांच्या पाहणारे वेगळे, हेंच तेथेंहि झालें.

ही भिंत आपल्याकडे ज्यांनीं ओलांडली त्यांच्यांत एका पुणेकर विदुषीचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजीं पुण्यांत झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवीत. शिक्षण हुजूरपागेंत व पुढें फर्ग्युसनमध्यें. मुलीनें डॉक्टर व्हावें अशी वडिलांची इच्छा. मुलीचें मन मात्र पेशींत रमलें, आणि पुण्याच्या शेतकी महाविद्यालयांत राहून तिनें १९४३ मध्यें सीताफळाच्या कुळांतील वनस्पतींच्या पेशींवर एम.एस्सी. केलें. विवाहानंतर मुंबईस गेल्यावर टाटा स्मारक रुग्णालयांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखालीं त्यांचें काम सुरू झालें. हें रुग्णालय १९४१ सालचें. त्याच्या प्रयोगशाळा खानोलकरांनीं उभारल्या, आणि भारतांतील विकृतिशास्त्राला वळण लावण्याचें श्रेय बऱ्याच अंशीं त्यांच्याकडे जातें. १९४९ मध्यें रणदिवे यांना मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. नंतर बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्यापाशीं राहून शरीराबाहेर कांचेच्या भांड्यांत पेशी जिवंत ठेवण्याची विद्या त्या शिकल्या, आणि परत आल्यावर कर्करोग संशोधन केंद्रांत त्यांनीं तशी प्रयोगशाळा काढली. देशांतील ती पहिली.

मेंदूंतील बीजपेशी हा त्यांचा विषय नव्हता. त्यांनीं स्तनाचा कर्करोग, रक्ताचा कर्करोग आणि कुष्ठरोग यांवर काम केलें. पण उंदरीच्या स्तनांतील गांठ आणि बाईच्या स्तनांतील गांठ शेजारीं ठेवून, हॉर्मोन, विषाणू आणि आनुवंशिकता यांचा वाटा कोठें कसा आहे तें पाहावयाचें, ही जी रीत त्यांनीं मुंबईंत घालून दिली, तीच रसेल, फ्रीडमन आणि स्टीव्हन्स यांची रीत होय. १९६६ ते १९७० या काळांत त्या केंद्राच्या कार्यवाह संचालक होत्या. १९८२ मध्यें त्यांना पद्मभूषण मिळालें.

आतां उपचारांकडे वळावयाचें. ही गांठ बहुधा दहा ते वीस वर्षांच्या मुलांना, आणि त्यांतहि मुलग्यांना अधिक होते. मेंदूंतील पाण्याचा मार्ग तुंबतो, डोकें दुखतें, ओकाऱ्या होतात, दृष्टि वर करतां येत नाहीं. पिट्युइटरीजवळ असेल तर अनावर तहान लागते, वाढ खुंटते, दिसेनासें होतें. पाश्चात्य देशांत मुलांच्या मेंदूंतील गांठींपैकीं शेंकडा तीनचारच या जातीच्या असतात. जपानांत व कोरियांत हें प्रमाण त्याच्या दुपटीतिपटीवर आहे. म्हणूनच जपानी वैद्यांनीं या रोगाचा अभ्यास विशेष चिकाटीनें केला. जर्मिनोमा क्ष-किरणांनीं इतका लवकर विरघळतो कीं, गांठीचा तुकडा काढणें धोक्याचें होतें त्या दिवसांत तिकडे आधीं थोडे किरण देऊन पाहत. गांठ विरली तर निदान झालें असें समजत. आजच्या जर्मिनोमाच्या दहा रोग्यांपैकीं नऊ किंवा त्याहून अधिक वांचतात. परंतु वाढत्या वयाच्या मेंदूवर किरणांचा मारा केल्यावर बुद्धि मंदावते, उंची खुंटते. वांचलेल्या मुलाच्या आईबापांना हा हिशोब जन्मभर चुकवावा लागतो. आणि जर्मिनोमाखेरीज ज्या दुसऱ्या जाती, वारेच्या ऊतीच्या किंवा बलकाच्या पिशवीसारख्या, त्यांना नुसते किरण पुरत नसत. त्यांतून क्वचितच कोणी सुटे.

यांत पालट झाला तो औषधांनीं, आणि येथें पुन्हां पुण्याचा संबंध येतो. अंगणांतली सदाफुली कोणाला माहीत नाहीं? कोणी मुद्दाम लावो न लावो, ती भिंतीच्या फटींतहि उगवते आणि बाराहि महिने फुलते. मूळची ती मादागास्करची. मधुमेहावर तिचीं पानें खावीं अशी समजूत आपल्याकडे आहे, तशीच ती जमैकांतहि होती. १९५२ मध्यें त्या बेटावरून कॅनडांतील डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे कांहीं पानें आलीं. त्यांनीं तीं आपले बंधु रॉबर्ट यांच्याकडे पाठविलीं. पानांच्या अर्कानें उंदरांची साखर कांहीं उतरली नाहीं, पण त्यांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी मात्र झपाट्यानें घटल्या. मधुमेहाचें औषध शोधतां शोधतां हातीं आलें तें कर्करोगाचें. रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनीं १९५८ मध्यें त्यांतून व्हिन्ब्लास्टिन वेगळें केल्याचें प्रसिद्ध केलें. पुढें १९६५ मध्यें बार्नेट रोझेनबर्ग यांना जंतूंवर विजेचा प्रयोग करीत असतां प्लॅटिनमच्या एका संयुगाचा अकल्पित गुण दिसला, तें सिस्प्लाटिन. इंडियानाच्या लॉरेन्स आइनहॉर्न यांनीं १९७४ पासून सिस्प्लाटिन, व्हिन्ब्लास्टिन आणि ब्लिओमायसिन हीं तिन्ही एकत्र देऊन वृषणाच्या पसरलेल्या गांठीहि बऱ्या करून दाखविल्या. मेंदूंतील गांठ त्याच कुळांतली, हें फ्रीडमन यांनीं सांगून ठेवलेलेंच होतें. तेव्हां तींच औषधें तिच्यावरहि योजिलीं गेलीं, जपानांत विशेषेंकरून, आणि जे रोगी पूर्वीं हातचे जात त्यांतले पुष्कळ वांचूं लागले.

पण सदाफुलीच्या पानांत हें द्रव्य नांवालाच असतें. टनावारी सुकीं पानें घ्यावींत तेव्हां औषध निघतें तें ग्रॅमच्या मापानें. त्यामुळें परदेशीं बनलेल्या कुपीची किंमत येथील रोग्याला झेपण्याजोगी नव्हती. पुण्यास पाषाणजवळ ३ जानेवारी १९५० रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचें उद्घाटन झालें होतें. त्या प्रयोगशाळेंत डॉ. ए. व्ही. रामाराव व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, ते १९८५ मध्यें हैदराबादेस जाण्यापूर्वीं, सदाफुलीपासून व्हिन्ब्लास्टिन आणि त्याचें भावंड व्हिन्क्रिस्टिन काढण्याची कृति बसविली, आणि ती सिप्ला कंपनीच्या हातीं दिली. पुण्याच्या वाड्यांतून देवपूजेच्या परडींत पडणाऱ्या फुलाचें औषध याच शहराच्या एका टोंकाला तयार करण्याची विद्या अशी सिद्ध झाली.

मेंदूंतील बीजपेशींच्या गांठींवर व्हिन्ब्लास्टिनची जागा आतां एटोपोसाइड या दुसऱ्या औषधानें घेतली आहे. त्याचें मूळ द्रव्यहि वनस्पतीचेंच, पोडोफायलम नांवाच्या झाडाच्या मुळांतलें, आणि या झाडाची एक जात हिमालयांत उगवते. १९७१ मध्यें न्यूयॉर्कच्या बेनेट स्टाइन यांनीं शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्यानें क्राउझे यांचीच जुनी वाट पुन्हां वापरांत आणली. आज दुर्बिणीसारखी बारीक नळी घालून गांठीचा तुकडा काढतां येतो. रक्तांत व पाठीच्या कण्यांतील पाण्यांत वारेचें तें हॉर्मोन किंवा अल्फा-फीटोप्रोटीन सांपडलें, तर गांठीची जात पुष्कळदां तुकडा काढण्यापूर्वींच कळते. औषधें आधीं देऊन किरणांची मात्रा किती खालीं आणतां येईल, यावर आतां वैद्यांचें सारें लक्ष आहे. सदाफुलीचें औषधहि मेंदूच्या रोगांतून बाद झालेलें नाहीं: लहान मुलांच्या मेंदूंत सावकाश वाढणाऱ्या दुसऱ्या एका जातीच्या गांठी आहेत, त्या खऱ्याखुऱ्या मेंदूच्याच पेशींच्या, त्यांच्यासाठीं आठवड्याला एक अशा बेतानें तें आजहि टोंचलें जातें.